यंत्राचा निर्वाळा

दवाखान्यातून आल्यापासून शू मास्तरांना बायकोच्या गोडव्याचाच संशय येत होता. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बाकावर बसवून मेइफांगला एकटीलाच आत बोलावलं होतं. "तुमच्या जठराला थोडी सूज आहे," एवढंच ती बाहेर येऊन म्हणाली. त्या दिवसापासून ती त्यांच्या दारूच्या पेल्यावर एकदाही खेकसली नव्हती. आणि "समुद्रात काय बघायचंय, खारं पाणी?" असं जन्मभर म्हणणारी ती आता हार्बिनची थंडी मागे टाकून त्यांना पार दक्षिणेकडच्या सान्या शहराचा समुद्र दाखवायला निघाली होती. तिला सरळ विचारायचा मात्र मास्तरांना धीर होत नव्हता.

विमानतळावर अंगतपासणीच्या यंत्रात ते हात वर करून उभे राहिले. पडद्यावर माणसाची नुसती आकृती उमटली आणि हिरवा दिवा लागला.

"काही नाही, जा आजोबा," तपासणारी मुलगी म्हणाली.

पलीकडे थांबलेल्या मेइफांगनं त्यांची बाही धरली. "ऐकलंत ना, म्हातारोबा? एवढं मोठं यंत्रसुद्धा म्हणतंय, काही नाही. आणि तुम्ही तोंड पाडून बसता. पोटात गाठबीठ असती, तर यात दिसली नसती का?"

त्या यंत्राच्या लहरी कातडीवरूनच मागे फिरतात, आत शिरत नाहीत, हे मास्तरांनी वाचलेलं होतं. आणि गाठीचं नाव तर घरात आजवर कोणीच काढलं नव्हतं.



"दिसलीच असती की," ते म्हणाले, आणि तिच्या हातातली जड पिशवी त्यांनी आपल्याकडे घेतली.