मुलुंडच्या टेकडीवरचा फोटो

चौपन्न सालची होळी नुकतीच झाली होती आणि मुलुंडच्या टेकड्यांवर पळस नुसता पेटला होता. नातवाचे फोटो काढायला सासऱ्यांनी बारशाला दिलेला बॉक्स कॅमेरा मिरवत दिगंबर दोन मित्रांबरोबर पुढे चालला होता. मागून कुमुद बाळाला कडेवर घेऊन धापा टाकत येत होती. "बाळाला घेतलं की फोटो काढताना हात हलतो रे," असं दिगंबरने मित्रांना पटवूनही दिलं.

वाटेत एक उभा कातळ लागला. चढताना कॅमेरा आपटू नये म्हणून दिगंबरने तो कुमुदच्या गळ्यात अडकवला आणि आपण आधी वर गेला. कुमुद अर्ध्यावर आली आणि तिच्या पायाखालचा दगड सुटला. एका हाताने तिने कशीबशी कपार पकडली.

"अहो, धरा याला!" तिने दुसऱ्या हाताने बाळ वर उचललं.

दिगंबर वाकला. "अगं, थांब! आधी कॅमेरा!" म्हणत त्याने तिच्या गळ्यातून तो ओढून घेतला. बाळाला घेतलं ते त्याच्या मित्राने, मनोहरने, आणि मग तिलाही त्यानेच वर ओढलं.

माथ्यावर दिगंबरने सगळ्यांना पळसाखाली उभं केलं. "कुमुद, जरा प्रेमाने बघ ना माझ्याकडे."

सकाळपासून पहिल्यांदाच कुमुदने मान वर करून नवऱ्याकडे नीट पाहिलं.



फोटो अगदी स्वच्छ आला. दिगंबरने तो आजवर कुणालाही दाखवलेला नाही.