चालेल ना?

"टबातली ही जलकुंभी मांजराला चालेल ना गं?" शेजारच्या सोनूकाकूंनी दारातूनच विचारलं.

हेमांगीला त्यांची कीव आली. मोबाइलवर काहीबाही वाचायचं आणि मुलुंडभर अक्कल वाटत फिरायचं! "चालेल काय काकू, धावेल!" असं फणकारून तिने दार लावलं.

वळून बघते तर बोका फ्रिजवर चढून बसलेला, शेपटी फुगवून. "मेला भित्रट," ती पुटपुटली.

बाल्कनीतल्या टबात नुसतं पाणी उरलं होतं. तिथून हॉलच्या लादीवर ओल्या मुळांचे ठसे उमटले होते. बाल्कनीपाशी ते अगदी जवळजवळ होते. ते फ्रिजकडे वळलेच नव्हते. सोफ्यापासून त्यांच्यातलं अंतर धावत सुटल्यासारखं वाढत गेलं होतं आणि शेवटचा ठसा थेट तिच्या पावलांपाशी होता.