काचेतलं कुटुंब

दुकानाच्या काचेत लावायला फोटोग्राफरला एक हसरं कुटुंब हवं होतं. पासपोर्ट फोटोसाठी आलेली चार एकटी माणसं बाकावर तोंडं फिरवून बसली होती: एक पेन्शनर, एक शिंपीणबाई, एक नर्स आणि एक प्लंबर. त्याने त्यांनाच ओढून पडद्यासमोर उभं केलं.

"बाबा, आईकडे सरका की! दादा, ताईच्या खांद्यावर हात ठेव!"

चौघं लाजून हसली, तेवढ्यात क्लिक.

फोटो काचेत लागला आणि सगळ्या गल्लीला तो खराच वाटला. कुरिअरवाला नर्सचं पार्सल पेन्शनरच्या हातात कोंबायचा, "तुमच्या मुलीचं!" बायका शिंपीणबाईंच्या दारात येऊन भांडायच्या, "नळ अजून गळतोय, सांगा तुमच्या लेकाला!"

काही महिन्यांनी चौघं तावातावाने दुकानात शिरली. न विचारता फोटो लावलेला, त्यामुळे फोटोग्राफरच्या तोंडचं पाणीच पळालं.

"तो फोटो आधी उतरवा!" शिंपीणबाई कडाडल्या.

"चुकलं माझं. आत्ता उतरवतो."

"आणि लगेच दुसरा घ्या," पेन्शनर नर्सकडे बघत म्हणाले.

शिंपीणबाईंनी दाराकडे बोट केलं, "जावईबापू बाहेर ताटकळलेत!"