बॅगेची झडती

मुग्धा दुबईजवळच्या रास अल खैमाच्या एका कॉलेजात औषधशास्त्र शिकवायची. अफूपासूनची औषधं चेतापेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतात, आतलं जी-प्रोटीन जागं करतात आणि दुखण्याचा निरोप तिथेच अडवतात, हे तिला तोंडपाठ. त्यामुळे पुण्याहून आलेल्या सासूबाईंच्या गुडघेदुखीवर तिचा भारी संशय. घरात येताच तिने त्यांची बॅग उपसली, साड्यांच्या घड्या झटकल्या, बामची डबीसुद्धा हुंगली.

“आई, दुखण्यावरची एखादी गोळी राहिली असेल तर आत्ताच सांगा. इथे थेट जेल होते.”

“एकही आणली नाही गं. आधी अनारसा खा.”

मुग्धाचा जीव भांड्यात पडला. “असा इथे मिळतच नाही,” दुसरा उचलत ती म्हणाली.

“कसा मिळेल? खसखस अफूच्या बोंडातली, इथे बंदी आहे म्हणे. म्हणून तर घरूनच सढळ हाताने लावून आणलेत.”