तोंडबांधणीचा मंत्र

यशोदाबाईनं डोक्यावरचा पाल्याचा भारा टाकला आणि मागं वळून पाहिलं. रवळू खाली पडला होता आणि अस्वल त्याच्या छातीवर बसलं होतं. भाताच्या रोपांसाठी तरवा भाजायला पाला हवा म्हणून नवरा-बायको दोघंच रानात आली होती. करवंदीच्या जाळीतून ते काळं धूड कधी सुटलं, तिला कळलंच नव्हतं.

हाताला लागला तो दगड तिनं घातला. अस्वलानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यानं रवळूच्याच तोंडावर पंजा मारला. रवळू किंचाळला, पालथा झाला, हातपाय झाडू लागला. तो जितकं झाडी तितकं ते जनावर चवताळून त्याला ओरबाडी.

“मामाऽऽ! ओ मामा! अस्वल! धावा!”

खालच्या शेतात बांध घालणारा तिचा सासरा नागोजी धावत वर आला. मोकळ्या हातांनी आला. तोंडबांधणीचा मंत्र म्हणणाऱ्यानं हातात हत्यार धरायचं नसतं, म्हणून कुदळ त्यानं बांधावरच टाकली होती. गुरं रानात सोडायच्या आधी पंचक्रोशीतले लोक त्याच्याकडून हा मंत्र म्हणवून घेत. नागोजीनं वाघाचं तोंड बांधलं की त्याला दावणीची शेळीसुद्धा धरता येत नाही, असं सगळे म्हणत. नागोजीही म्हणे.

अस्वलापासून थोड्या अंतरावर तो उभा राहिला. त्यानं मूठभर माती उचलली, फुंकली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, “दात बांधतो, दाढ बांधतो, नखाची धार बांधतो...”

अस्वलानं रवळूचा खांदा दातात धरला.

नागोजीचा आवाज चढला. पुन्हा पहिल्यापासून. माती उधळली. अस्वलानं कानसुद्धा हलवला नाही. शब्द एकमेकांत अडकायला लागले आणि अर्ध्या ओळीवरच तो थांबला.

“त्येला कळत न्हाय गं पोरी,” तो रडवेला होऊन म्हणाला. “जनावर त्ये. त्येला काय कळतंय मंत्राचं?”

यशोदाबाईचं अस्वलाकडं लक्ष नव्हतं. ती नवऱ्याकडं पाहत होती. बापाचा आवाज कानावर पडला तसे रवळूचे हात थांबले होते. ओरडणंही थांबलं होतं. आता मंत्र आपलं काम करणार, अशा भरवशानं तो मातीत तोंड खुपसून पडला होता. तो निपचित पडला तसं अस्वलही ओरबाडायचं थांबून त्याला हुंगायला लागलं होतं. आता नागोजी गप्प झाला आणि रवळूचा पाय हलला. अस्वल गुरगुरलं.

“थांबू नगासा!” ती ओरडली. “म्हणा!”

“त्येला ऐकू...”

“त्येला नगं! तुमच्या ल्योकाला ऐकू येतंय! म्हणा मामा, पाया पडते तुमच्या!”

नागोजीनं तोंड उघडलं. पण मंत्र गेला होता. इतक्या वर्षांचा पाठ, एक शब्द आठवेना. त्यानं घशातून नुसताच आवाज काढला आणि मग जे जिभेवर आलं ते बोलत सुटला.

“रवळ्या... रवळ्या, म्हस आज सांजच्याला व्याल बघ. कास उतरलीया तिची. चीक लई ईल. तुला आवडतोय न्हवं... गोठ्याचं छप्पर आजून शाकारायचं ऱ्हायलंय. मी वर चढत न्हाय आता, तूच चढ. मी खालनं गवत दीन...”

मंत्राचाच तो ताल त्यानं बोलण्याला धरला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज हलू दिला नाही. रवळूचा पाय पुन्हा जमिनीला टेकला. अस्वलानं त्याच्या मानेपाशी नाक नेलं. यशोदाबाईनं पदर तोंडात कोंबला. नागोजी छपराच्या वाशांबद्दल बोलत राहिला, बांबू कुठल्या बेटातले आणायचे ते सांगत राहिला.

अस्वलानं एकदा फुसकारा टाकला. मग कंटाळल्यासारखं ते उतरलं आणि डुलत डुलत जाळीत शिरलं.

यशोदाबाई धावली. रवळू जिवंत होता. डोळ्यापासून कानापर्यंत चेहरा राहिला नव्हता.

घोंगडीत घालून त्याला सडकेवर आणलं. लाकडाच्या ट्रकवाल्यानं बेळगावच्या दवाखान्यात पोचवलं. एक डोळा गेला. दुसऱ्याचं डॉक्टर नक्की सांगेनात. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. नागोजी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसे, आत यायला धजत नसे. गावाकडून भेटायला येणारे त्याला म्हणत, “मंत्रानं वाचीवलं बघ पोराला.” तो मान खाली घाली.

एका सकाळी नर्स जखमा धुवायला आली. पहिलाच बोळा लागला आणि रवळूनं खाटेची लोखंडी दांडी गच्च धरली. हातपाय झाडायला लागला. यशोदाबाईला तो धरवेना.

“आप्पा कुठं हाईत?” तो दातावर दात धरून म्हणाला.

तिनं सासऱ्याला हाताला धरून आत आणलं. नागोजी खाटेपाशी उभा राहिला.

“मला मंत्र म्हणायला सांगू नगंस,” तो सुनेला हळूच म्हणाला. “त्यात काय न्हाय बाये. तू बघितलंस की.”

रवळूनं आवाजाकडं पट्टी बांधलेलं तोंड वळवलं.

“मंत्र ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “आप्पा, म्हशीला काय झालं?”