अकरावा घोडा

माझी लेक घोड्यावरून उड्या मारायच्या स्पर्धेत उतरायची. घोडा भाड्याचा, खोगीर मागून आणलेलं, पण नाव नोंदवायची फी मात्र रोख. स्पर्धेच्या दिवशी घोड्याच्या आयाळीच्या बारीक वेण्या घालायची रीत असते. बंगलेवाल्या बायांना ते कुठलं जमायला? त्यांनी फक्त टाळ्या वाजवायच्या. मग पैसे घेऊन त्यांच्या घोड्यांच्या वेण्या घालायला मी पहाटेपासून तबेल्यात, स्टुलावर उभी. एकेका मानेला वीस वेण्या, प्रत्येक सुईदोऱ्याने टाचलेली. दहा घोडे झाले की फी निघायची. माझ्या हातची वेणी सात अडथळे ओलांडले तरी सुटायची नाही, हे मीच सांगते असं नाही.

लेक फणी घेऊन मागे उभी राहायची. "आई, माझी वेणी?"

"टोपीखाली कोण बघतंय? कोंब केस आत आणि हो बाजूला."

परवा ती माहेरी आली. पन्नाशीची बाई, पण फणी घेऊन माझ्या पुढ्यात बसली. निम्मे केस पांढरे. मी वेणी घातली. तिने मान हलवली, तशी मी सवयीने घोड्याला चुचकारावं तसं चुचकारलं, आणि शेवटी हात सुईदोरा शोधायला लागला.

"आई," ती पाठमोरीच म्हणाली, "मला तेव्हा जिंकायचं नसायचं गं. त्या रांगेतला अकरावा घोडा व्हायचं असायचं."

मी घातलेली वेणी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.