बाराव्या भोकाचा धूर

"अजून पांढरा आहे," सासरा म्हणाला. "हात लावू नका."

सून चिखलाचं घमेलं घेऊन उभी होती. तिला धूर निळा दिसत होता. पातळ, निळसर, पलीकडचं कुंपण दिसेल इतका विरळ. सकाळपासून तिने तीनदा डोळे पुसून बघितलं होतं.

भट्टी म्हणजे लाकडाची रास, वर पाचोळा, त्याच्यावर मातीचा जाड थर. पुरुषभर उंच. कडेने बारा भोकं. आत विस्तव, पण उपाशी ठेवलेला. लाकूड जाळायचं नसतं, नुसतं शिजवायचं असतं. धूर पांढरा असेल तर लाकडातलं पाणी जातंय. निळा झाला की कोळसा तयार, लगेच सगळी भोकं लिंपायची. उशीर केला तर आत शिरलेली हवा कोळसाच खायला लागते. मग उरते राख.

मागच्या दोन भट्ट्यांची राखच झाली होती. भट्टीच्या मालकाने ती पायाने उडवली होती. "पाणी गाळायच्या टाकीसाठी कोळसा हवाय मला. त्यात ही राख घालू का? तिसरीही अशी निघाली तर खोली रिकामी करा."

खोली भट्टीच्या मागेच होती. एक दार, एक खिडकी, आत झोळीत सात महिन्यांची मुलगी.

दोन भट्ट्यांचं खापर आधी ओल्या लाकडावर फुटलं, मग भुसभुशीत मातीवर, आणि मग हळूच सुनेच्या पायगुणावर.

"अहो, निळा झालाय," ती नवऱ्याला म्हणाली. तो शिडीवर उभा राहून फळीने माती ठोकत होता.

"बाबा पांढरा म्हणतायत ना?"

"मागच्या दोन्ही वेळेला मला दुपारीच निळा दिसला होता. मी गप्प बसले."

"मग आत्ताही बस."

सासरा स्टुलावर बसल्या बसल्या हसला. "सूनबाई, मी धूर बघायला लागलो तेव्हा तुझ्या बापाला मिसरूड फुटलं नव्हतं. कोळसा आहे हा. चहा नाही, उकळला की उतरवायला."

नवराही हसला. धूर बघणं बाबांचं काम, त्याचं काम लाकूड रचायचं. तो धुराकडे कधी नीट बघायचाच नाही.

सुनेने घमेलं खाली ठेवलं.

"बरं बाबा. त्या टोकाच्या भोकाचा? खोलीच्या बाजूचं शेवटचं. त्याचा कसा आहे?"

सासऱ्याने मान तिकडे वळवली. डोळे बारीक केले. दर वेळेला घ्यायचा तेवढाच वेळ घेतला.

"त्याचा तर दुधासारखा. त्याला अजून अर्धा दिवस."

फळीचा आवाज थांबला.

त्या भोकातून धूर येत नव्हता. भोकच नव्हतं. सुनेने ते सकाळीच लिंपून टाकलं होतं. चिखल वाळून त्याला भेगाही पडल्या होत्या.

"काय झालं?" सासरा म्हणाला. मग जरा मोठ्याने, "काय झालं रे?"

नवरा शिडीवरून उतरला. "बाबा," तो म्हणाला. "कधीपासून?"

तेवढ्यात भट्टीत काहीतरी तडकलं. सुनेच्या पायाजवळचं भोक आतून लाल झालं होतं.

"नंतर विचारा!" ती ओरडली. "अकरा भोकं आहेत!"

तिने दोन्ही मुठींनी चिखल कोंबला. एक. दोन. नवरा पलीकडून. घमेल्यातला चिखल उन्हाने घट्ट झाला होता, चिकटेना, त्यात ती पाण्याची कळशी ओतायला धावली. एक भोक बुजवलं की तिथला धूर दुसऱ्यातून जोरात यायचा. थेट तोंडावर. तिचे डोळे गच्च मिटले, उघडेनात. नवरा खोकत खोकत मातीत शोधत होता. "कुठंय? अगं, कुठंय पुढचं?"

खोलीत मुलगी रडायला लागली.

सासरा स्टुलावरून उठला. भट्टीला तळहात लावला आणि चालायला लागला, हात मातीवरून सरकवत, भिंत धरून चालावं तसा. एका जागी हात झटकन मागे आला. त्याने तो परत तिथेच दाबून धरला.

"इथं एक. आण चिखल."

"बाबा, हात काढा आधी!"

"आधी चिखल आण. मग काढतो."

तिने आवाजाच्या दिशेने चिखल नेला. तो पुढे सरकला. "इथं एक." दुसरा हात. पुन्हा पहिला. मधे एकदा त्याच्या घशातून आवाज निघाला, तो त्याने खोकल्यात घातला.

अकरावं भोक बुजलं तेव्हा धूर थांबला. नुसतं मुलीचं रडणं उरलं.

आता तीन दिवस थांबायचं. भट्टी गार व्हायच्या आत उघडली तर हवा लागून भडकते. आत कोळसा आहे की राख, ते तोवर कुणालाच कळत नाही.

सुनेने मुलीचं दुपटं फाडून सासऱ्याचे दोन्ही तळवे गुंडाळले. कातडी कापडाला लागून येत होती. नवरा बाजूला उभा होता, बापाच्या तोंडाकडे न बघता.

"तीन भट्ट्या झाल्या," सासरा म्हणाला. "आधी वाटलं, धूरच दाट आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी सून पाणी घेऊन बाहेर आली. सासरा भट्टीला टेकून उकिडवा बसला होता. गार होत आली की नाही ते तळहाताने बघतात. त्याचे हात मांडीवर होते, दुपट्याच्या गाठोड्यांसारखे.

तो वाकला आणि त्याने मातीला गाल लावला. बराच वेळ तसाच राहिला.

"अजून गरम आहे," तो म्हणाला.

त्याला कुणी विचारलं नव्हतं.